प्रयोगाच्या पेटीचे कुलूप कोण उघडणार?

गडचांदूरच्या परिसरात जमिनीखाली चुनखडी आहे. त्या चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे राहिले. पण याच गावातल्या तिसरी-चौथीच्या किती मुलांनी चुनखडीच्या भुकटीवर लिंबू पिळून उठणारे बुडबुडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहेत? ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. कारखान्याच्या भट्टीत चुनखडी भाजली की हाच वायू बाहेर पडतो. खर्च एका लिंबाचा. आणि तरीही ज्यांचे आईबाप तिथे कंत्राटी मजूर म्हणून राबतात, त्यांची मुले वहीत फक्त ‘चुनखडीचे उपयोग’ उतरवून घेतात. प्रयोगाचे साहित्य असलेच तर ते कपाटात कुलूपबंद असते. का, तर मुले फोडतील!

आम्ही याला जातीचा प्रश्न मानतो.

या देशात हात आणि डोके यांची फारकत जातीने केली. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, बाभळीच्या सालीत मुरवून ते टिकाऊ करायचे, हे रसायनशास्त्रच होते. पण ते करणाऱ्याला विद्वान म्हटले नाही, अस्पृश्य म्हटले. ज्याने कशालाच हात लावला नाही, तो पंडित ठरला. जातिव्यवस्था ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच मांडून ठेवले आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून इतर मुले धावली. शाळेत कोणत्या वस्तूला कोणी हात लावायचा, हा प्रश्न आपल्यासाठी कधीच साधा नव्हता.

आपल्याच काही मित्रांची एक शंका आहे. ते म्हणतात, ‘त्यांची मुले कोडिंग शिकणार आणि आपल्या मुलांनी मातीत हात घालायचे? ही वर्ध्याची नई तालीमच झाली.’ शंका रास्त आहे. पोराला बापाच्या धंद्याकडे परत ढकलणारे शिक्षण आम्हालाही नको. पण हाताने माल तयार करणे वेगळे आणि हाताने तपासून पाहणे वेगळे. पहिल्यात हुकूम पाळायचा असतो, दुसऱ्यात प्रश्न विचारायचा असतो.

पाण्याचेच उदाहरण घ्या. 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि नंतर सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. आता चौथीतल्या पोरीला गढूळ पाण्याचा ग्लास द्या. तुरटी फिरवू द्या, वाळूतून गाळू द्या. पाणी नितळ दिसले तरी त्यात जंतू असू शकतात, म्हणून उकळावे लागते, हे तिला समजू द्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त आढळले आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, उकळूनही जात नाही, त्याची तपासणीच करावी लागते. पाणी कशाने बिघडते हे जिने स्वतः तपासले, तिला माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते हे कोणता भट पटवणार आहे?

हे होऊ शकते, याचा पुरावा आहे. मध्य प्रदेशात 1972 साली 16 ग्रामीण शाळांपासून होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. मुले स्वतः प्रयोग करून शिकली. 2002 साली सरकारने तो बंद केला. त्याच कार्यक्रमात काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्याच्या आयुकात काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या यांतून शेकडो खेळणी करून दाखवली. त्यांची पुस्तके मराठीतही फुकट मिळतात.

आणि ही भीक नाही, हक्क आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चे कलम 29 सांगते की शिकणे कृतीतून, शोधातून व्हावे. त्याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्यापैकी किती जण त्या बैठकीला जातात? जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी गोळा होते, पण भिंग आणि चुंबक घ्यायला पैसा नसतो, हे आता थांबवले पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत लेखी मागणी करा: पेटी उघडा, मुलांच्या हातात द्या, फुटले तर वस्ती भरून देईल. आणि शाळेची वाट पाहत बसू नका. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात गडचांदूरवर सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. शाळेला सुट्टी असते, पण विहाराचे अंगण उघडे असते. तिथे एक काठी सरळ उभी रोवा. बाराच्या थोडे पुढे तिची सावली नाहीशी होईल. का, ते मुलांना लगेच सांगू नका. त्यांना भांडू द्या, मोजू द्या, दुसऱ्या दिवशी परत पाहू द्या.

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखा, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ते आठ वर्षांच्या पोराला शिकवायला एक काठी पुरते.

जय भीम! जय संविधान!