‘बॉयकॉट’ : आडनावाचे झाले क्रियापद

मतदानावर बहिष्कार, सभेवर बहिष्कार, उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार! मराठी वर्तमानपत्रांत या शब्दाला सुट्टी अशी नसतेच. हीच बातमी इंग्रजीत आली की तिथे ‘बॉयकॉट’ असतो. हा शब्द इतका सरावाचा झाला आहे, की तो मुळात एका जिवंत माणसाचे आडनाव होता, हे सांगूनही अनेकांना खरे वाटत नाही.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२-१८९७) हा इंग्लंडमधल्या नॉरफोकचा. काही वर्षे लष्करात काढून तो आयर्लंडमध्ये स्थायिक झाला आणि मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी बनला. लोक त्याला ‘कॅप्टन’ म्हणत, पण लष्करात तो त्या हुद्द्यापर्यंत पोचलाच नव्हता. कुळांकडून खंड वसूल करणे हे त्याचे मुख्य काम. १८८० साली कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. मालक १० टक्क्यांच्या पुढे जाईना. तेव्हा बॉयकॉटने ११ कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या. नोटिसा घेऊन आलेल्या माणसाबरोबर पोलीस होते, तरीही गावच्या बायकांनी दगड, चिखल आणि शेण यांचा असा मारा केला, की मोजक्या नोटिसा देऊन त्याला परतावे लागले.

त्याच सप्टेंबरात आयरिश पुढारी चार्ल्स पार्नेल याने एनिस गावच्या सभेत एक तोडगा सुचवला होता. काढलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, फक्त त्याच्याशी कोणताही संबंध ठेवू नका. मेयोच्या शेतकऱ्यांनी तोच प्रयोग बॉयकॉटवर केला. शेतावरचे मजूर गेले, घरातले नोकर गेले, लोहार येईना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार माल देईना. पीक शेतात उभे आणि काढायला माणूस नाही! शेवटी अल्स्टरमधून ५० माणसे पीक काढायला आणली गेली आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे १,००० सैनिक व पोलीस आले. जेमतेम ५०० पौंडांच्या पिकापायी अंदाजे १०,००० पौंड खर्च झाले. एकेक सलगम एका शिलिंगला पडला, अशी थट्टा पार्नेलने केली. डिसेंबर उजाडताच बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

शब्द मात्र मागे राहिला. त्याच्या जन्माची हकिगत अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ याने सांगून ठेवली आहे. वाळीत टाकण्यासाठी इंग्रजीत ‘ऑस्ट्रसाइझ’ हा शब्द होता. प्राचीन अथेन्समध्ये खापराच्या तुकड्यावर नाव लिहून माणसाला १० वर्षे हद्दपार करीत, त्यावरून तो आलेला. पण असला जड शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी कसा बसणार? तेव्हा तिथले धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांनी सुचवले, की सरळ ‘बॉयकॉट करणे’ म्हणावे. काही आठवड्यांत तो लंडनच्या वर्तमानपत्रांत छापला गेला आणि पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन, एवढेच काय जपानी भाषेतही जाऊन बसला.

वापराबाबत थोडेसे. हा शब्द नाम आणि क्रियापद असा दोन्ही आहे, आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये शेवटी दोन ‘टी’ येतात. मराठीतल्या ‘वर’च्या नादाने ‘वी बॉयकॉटेड ऑन द मीटिंग’ असे म्हटले जाते, ते चूक. ‘ऑन’ गाळावा. ‘बॅन’शीही त्याची गल्लत करू नये. बॅन सरकार किंवा एखादी संस्था घालते, बॉयकॉट माणसे आपण होऊन करतात. क्रिकेटपटू जेफ्री बॉयकॉट मात्र १९८२ साली वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला आणि बॉयकॉटनेच बॉयकॉट मोडला!

आपल्याकडे या शब्दाला मान मिळाला तो वंगभंगाच्या चळवळीत. ऑगस्ट १९०५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला, ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली, आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षणाबरोबर ‘बहिष्कार’ही आला.

पण ‘बहिष्कृत’ म्हटले की मराठी माणसाला दुसरेही काही आठवते. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ होते. मेयोमध्ये गरीब कुळांनी जमीनदाराच्या कारभाऱ्याला एकटे पाडले. आपल्या गावगाड्यात उलटे घडत आले. पाणवठा बंद, दुकान बंद, मजुरी बंद, रोटी-बेटी बंद, आणि तेही सर्वांत दुबळ्या घरावर, किंवा जातपंचायतीचे न ऐकता लग्न करणाऱ्या पोरापोरीच्या आईबापांवर. इंग्रजीत यालाही ‘सोशल बॉयकॉट’च म्हणतात. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार एखाद्याला वाळीत टाकणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.