तारा लुकलुकतो, कारण मध्ये हवा आहे

पावसाळा सरला, की भिवंडीतल्या गच्चीवरूनही काही ठळक तारे दिसतात. गोदामांच्या आणि महामार्गाच्या दिव्यांना ते पुरून उरतात आणि लुकलुकतात. ही लुकलुक ताऱ्याची नसते, आपल्या डोक्यावरच्या हवेची असते. भर उन्हात मुंबई-नाशिक महामार्गाच्या तापलेल्या डांबरावर समोरचा ट्रक थरथरताना दिसतो ना, तसेच हे. गरम-थंड हवेचे थर हलतात आणि प्रकाशाची वाट वाकडी होते.

या थरथरीने खगोलशास्त्रज्ञांना पिढ्यान् पिढ्या छळले. आठ मीटर व्यासाची दुर्बीण भरपूर प्रकाश गोळा करते. पण हवेतली थरथर दुरुस्त केली नाही, तर दृश्य प्रकाशात तिची प्रतिमा वीस-तीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीपेक्षा फारशी रेखीव नसते. यावर तोडगा होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये सुचवला. हवेने प्रकाश जितका वाकवला, तितकाच आरसा उलट दिशेने वाकवायचा. हीच अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स. आज लवचीक आरशाचा आकार सेकंदाला शेकडो ते हजाराहून अधिक वेळा बदलता येतो. मोजमापासाठी जवळ ठळक तारा नसेल, तर लेसरने सुमारे ९० किलोमीटर उंचीवरचा सोडियमचा थर उजळून कृत्रिम तारा तयार करतात.

रेखीव प्रतिमा मिळाली, तरी एक अडचण उरते. ताऱ्याभोवती ग्रह जन्माला घालणारी धुळीची चकती ताऱ्याच्या झगमगाटात हरवते. इथे कामाला येते ध्रुवीकरण. यंत्रमागाच्या शेडमध्ये कवडसा पडला, की सुताचे तंतू चमकताना दिसतात. बारीक कणांवरून असा विखुरलेला प्रकाश एका ठरावीक दिशेत अधिक कंप पावतो. ताऱ्याचा थेट प्रकाश मात्र जवळजवळ सगळ्या दिशांत सारखाच असतो. म्हणून एकमेकींशी काटकोनातल्या दोन दिशांच्या प्रतिमा घेऊन एकीतून दुसरी वजा केली, की तारा पुसला जातो आणि धूळ उरते. चिलीतल्या ८.२ मीटरच्या दुर्बिणीवरील ‘स्फिअर’ हे उपकरण २०१४ पासून हेच करते. धुळीच्या चकत्यांमधली वलये आणि सर्पिल वळणे त्याने दाखवली. २०१९च्या अखेरीस मृगातला तांबडा काक्षी तारा मंदावला, तेव्हा त्याचा दक्षिणेकडचा भाग काळवंडल्याचेही याच उपकरणाने टिपले. ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूतून तयार झालेली धूळ आड आली होती, असा निष्कर्ष २०२१ मध्ये मांडला गेला.

यात महाराष्ट्र कुठे आहे? पुण्याच्या आयुकाने जुन्नरजवळच्या गिरवली वेधशाळेतील दोन मीटरच्या दुर्बिणीवर ध्रुवीकरण मोजणारे उपकरण वापरले. कॅल्टेकसोबत ‘रोबो-एओ’ ही लेसरवर चालणारी स्वयंचलित प्रणाली घडवून ती पालोमारच्या दीड मीटरच्या दुर्बिणीवर बसवली. म्हणजे दोन्ही विद्या आपल्या दारात आहेत.

प्रश्न मोठ्या दुर्बिणीचा आहे. ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’मध्ये सहभागी होण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ मध्ये मंजुरी दिली, भारताचा वाटा सुमारे दहा टक्के. पण हवाईतील मौना केआ पर्वतावर स्थानिकांचा विरोध झाला आणि काम थांबले. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने आपल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात पुढच्या टप्प्यासाठी दुसऱ्या दुर्बिणीला पसंती दिली. त्यानंतर स्पेनने दुर्बीण ला पाल्मा बेटावर आणल्यास ४० कोटी युरोपर्यंत देण्याची तयारी दाखवली.

अशा वेळी ‘इतका पैसा आकाशात कशाला?’ हा सवाल भिवंडीकराने विचारला, तर तो गैर नाही. त्याचे एक उत्तर डोळ्यांच्या तपासणीत सापडते. बुबुळ आणि नेत्रभिंगही प्रकाश थोडा वाकवतात. हीच युक्ती वापरून अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकात जिवंत माणसाच्या दृष्टिपटलातल्या एकेक शंकुपेशी पाहिल्या. दृष्टिपटलाच्या आजारांच्या संशोधनात हे तंत्र आता वापरले जाते. गल्लीतल्या दवाखान्यात मात्र ते अजून पोहोचलेले नाही.

म्हणून दुर्बीण कोणत्या डोंगरावर उभी राहते, यापेक्षा तिचे आरसे, संवेदक आणि संगणकप्रणाली कोण घडवतो, हे आपल्यासाठी महत्त्वाचे. प्रकल्प रेंगाळला तरी हात रिकामे राहू नयेत. तीस मीटरचा आरसा आज ना उद्या कुठेतरी उभा राहील. तोवर शिकलेली माणसे टिकवली नाहीत, तर वाटा आपला असेल आणि विद्या दुसऱ्याची.