खनिज संपत आलेल्या दल्ली-राजहराचे भवितव्य कोण ठरवणार?

भिलाई : भिलाई पोलाद प्रकल्पाची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये पेटली. तेव्हापासून तिला लोहखनिज पुरवणारे दल्ली-राजहराचे डोंगर आता रिते होत आले आहेत. प्रकल्पाने आपली तजवीज आधीच केली आहे. दल्ली-राजहराहून रावघाटकडे जाणारा सुमारे 95 किलोमीटरचा लोहमार्ग टप्प्याटप्प्याने पुढे सरकत असून, ऑक्टोबर 2023 मध्ये त्यावरील अंतागड-तारोकी टप्प्याचे लोकार्पण झाले. खनिजाचा पर्याय सापडला. मात्र खाणीभोवती वसलेल्या, गोंड-हलबा गावांनी वेढलेल्या या नगराचा पर्याय कोणी शोधायचा, हा प्रश्न अनुत्तरित आहे.

बालोद जिल्ह्यातील या नगराला नियोजनाचे धडे बाहेरून देण्याची गरज नाही. 1977 मध्ये कंत्राटी खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात 11 जणांचा बळी गेला. पुढे खाणींच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाचा प्रस्ताव आला, तेव्हा संघटना केवळ विरोध करून थांबली नाही. काही कामे यंत्राने आणि काही माणसांच्या हातांनी, अशी अर्धयांत्रिकीकरणाची पर्यायी योजना तिने हिशेबासह मांडली. उत्पादनही चालावे आणि रोजगारही टिकावा, हा तिचा गाभा होता. दारूबंदीची मोहीम, शाळा आणि 1983 मध्ये कामगारांच्या वर्गणीतून व श्रमदानातून उभे राहिलेले शहीद रुग्णालय याच विचारातून आले. 28 सप्टेंबर 1991 रोजी नियोगी यांची भिलाईत हत्या झाली. रुग्णालय मात्र आजही सुरू आहे. खाणीच्या उताराला लागलेल्या नगरात खाणीवर अवलंबून नसलेली ही संस्था टिकून राहावी, यातच भविष्याचा एक धागा दिसतो.

आजची अडचण मुख्यतः कायद्याची आहे. दल्ली-राजहरा ज्या डौंडी विकासखंडात येते, तो पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतो. 1996 च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार दिले. छत्तीसगडने त्याचे नियम 2022 मध्ये लागू केले. परंतु हे अधिकार गावाचे आहेत, नगरपालिकेचे नाहीत. अनुसूचित क्षेत्रांतील नगरांसाठी स्वतंत्र तरतुदी करणारे विधेयक 2001 मध्ये संसदेत मांडले गेले, ते मंजूर झालेच नाही. परिणामी डोंगरापलीकडच्या पाड्यातील आदिवासी ग्रामसभेत हात वर करू शकतो. खाणीत आयुष्य घालवून नगरात स्थिरावलेल्या त्याच्या भावाला तशी सभाच नाही. ही विसंगती कागदोपत्री क्षुल्लक वाटली तरी व्यवहारात महागात पडते. सरगुजा भागातील प्रेमनगरच्या ग्रामसभेने औष्णिक वीज प्रकल्पाला नकार दिला आणि पुढे त्या गावाची नगर पंचायत झाली, हे उदाहरण छत्तीसगडमध्ये विसरले गेलेले नाही.

निधीचा मार्ग मात्र उपलब्ध आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टाधारकांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानात अंशदान द्यावे लागते, आणि त्याचे नियम करताना पेसा व वनाधिकार कायद्यांचे मार्गदर्शन घेण्याचे बंधन राज्यावर आहे. हा पैसा रस्ते आणि इमारतींवर खर्च होतो की खाणीनंतरच्या उपजीविकेवर, हे रहिवाशांसमोर ठरले पाहिजे. खाण बंद होईपर्यंत थांबल्यास अंशदानही आटलेले असेल.

सीमेपलीकडच्या गडचिरोलीत या प्रश्नाची दोन्ही टोके दिसतात. मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतः बांबूची विक्री करू लागली. निर्णयाचा हक्क आणि उत्पन्न एकाच हाती आल्याचे हे फळ होते. त्याच जिल्ह्यातील सुरजागडच्या पहाडावर लोहखनिजाचे उत्खनन स्थानिक विरोधानंतरही सुरू झाले. तेथे खाणीभोवतीची वस्ती आता कोठे आकार घेते आहे. दल्ली-राजहराला सहा दशकांनंतर जे विचारावे लागत आहे, ते तेथे आजच विचारता येईल.

रावघाटच्या गावांपुढेही हाच पेच आहे. हा डोंगर त्यांच्या श्रद्धेचा असून तेथील ग्रामसभा वनहक्कांच्या दाव्यांचा आग्रह धरून आहेत. तेथील खाणीला वेग येईल, तसतसे दल्ली-राजहरा मालगाड्यांचे केवळ एक स्थानक उरण्याची शक्यता वाढत जाईल.