चाकोरीची हमी कोण देतं?

मुलानं इंजिनिअरिंगची नोकरी सोडून नाटक करायचं ठरवलं, किंवा मुलीनं बँकेत राजीनामा देऊन माहितीपट काढायचं मनावर घेतलं, की घरात जी बैठक बसते तिच्यातला युक्तिवाद पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे. रुळलेली वाट सुरक्षित, मनासारखी वाट बेभरवशाची. तेव्हा शहाण्यानं आधी पोटापाण्याचं बघावं आणि हौस रविवारी भागवावी. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही म्हणही कुणी ना कुणी काढतंच. हा सगळा भित्रेपणा आहे म्हणून तो उडवून लावणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. ज्या घरात एक तारखेला पगार येणं ही पहिल्याच पिढीची कमाई आहे, तिथे ही धास्ती अनुभवानं शिकवलेली असते. धास्ती खरी मानू. तपासायचं आहे ते एवढंच, की हातचं म्हणून जे दाखवलं जातं ते खरोखर हातात असतं का.

मुंबईच्या गिरणगावात एके काळी मुलगा गिरणीला लागला की आईबाप सुटकेचा श्वास टाकत. आधी बदली कामगार म्हणून रोज दारात उभं राहायचं, मग कायम व्हायचं, जमलं तर पुढे मुलालाही तिथेच चिकटवायचं, इतकी ती वाट आखीवरेखीव होती. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर आज मॉल आणि टॉवर उभे आहेत. रस्त्यावर आलेल्या त्या माणसांनी कुठलंही वेड घेतलं नव्हतं. वडीलधाऱ्यांनी सांगितलं तेच केलं होतं. सरकारी नोकरीचं म्हणाल, तर तिची खरी मातब्बरी निवृत्तिवेतनात होती. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना मिळाली नाही, आणि तिच्यासाठी मार्च 2023 मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं. चाकोरीच्या करारातली कलमं अशी मधेच बदलतात, आणि बदलताना चाकोरीत चालणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आणि त्या वाटेवर पाऊल तरी सहज पडतं का? 2023 च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेसाठी 10 लाख 16 हजारांहून अधिक अर्ज आले आणि शिफारस झाली 1,016 जणांची. अर्ज भरून परीक्षेलाच न बसलेले वगळा, तरी 5 लाख 92 हजार उरतात. म्हणजे सुमारे सहाशेत एक. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या टापूत कॉट बेसिसवर राहून, मेसचा डबा खाऊन, अभ्यासिकेतल्या एका खुर्चीचं महिन्याचं भाडं भरून मुलं वर्षानुवर्षं काढतात. यंदा प्री निघाली पण मेन्स अडली, पुढच्या अटेम्प्टला पोस्ट नक्की, या हिशेबात तिशी उलटते. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 असल्यामुळे थांबण्याची सक्तीही नाही. या मुलांची चेष्टा करण्याचा इथे मुळीच हेतू नाही. पण गावाकडचा बाप त्यासाठी कर्ज काढतो आणि त्याला कुणी वेडा म्हणत नाही. उलट सांगतात, पोरगं पुण्यात तयारी करतंय. अधिकारी होणं हेही स्वप्नच की, असं कुणी म्हणेल. मान्य. मग दोन्ही स्वप्नांना तराजू एकच हवा.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की डॉ. श्रीराम लागूंचं नाव राहिलं, पण त्यांच्यासारखं करायला जाऊन बुडालेल्यांची यादी कोण ठेवतं? आक्षेप बिनतोड आहे. फक्त तो दोन्हीकडे लागू पडतो, कारण चाकोरीत बुडालेल्यांचीही यादी कुणी ठेवत नाही. शिवाय लागूंचं उदाहरण द्यायचं तर पुरतं द्यावं. कान-नाक-घशाचे हे सर्जन वैद्यकीय शिक्षणाच्या काळापासून हौशी रंगभूमीवर होते, पुण्यात भालबा केळकरांच्या पीडीए या नाट्यसंस्थेत वर्षानुवर्षं नाटकं करत होते, टांझानियात टबोऱ्याला डॉक्टरी करून आले होते. पूर्णवेळ नट झाले ते 1969 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. दादासाहेब फाळक्यांचंही तेच. पुरातत्त्व खात्याची सरकारी नोकरी सोडणारा हा माणूस जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, छायाचित्रण, ब्लॉक आणि शिळाछाप कोळून प्यायलेला होता. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये पडद्यावर आला. त्याआधी पैसे देणाऱ्याला पटावं म्हणून त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ थोडीथोडी टिपून छोटीशी फिल्म करून दाखवली होती. याला उडी म्हणतच नाहीत. मन मोठं करा, झोकून द्या, विश्व तुमच्या पाठीशी उभं राहील, असं व्याख्यानांतून सांगणारे आजचे गुरू या तयारीबद्दल मौन पाळतात. तिकीट लावून शांतपणे वीस वर्षं राबायला सांगितलं तर सभागृह भरायचं नाही, हे त्यांना कळतं.

फाळके अखेरच्या काळात नाशकात विपन्नावस्थेत गेले, हे आक्षेप घेणाऱ्यांचं हुकमी पान. पण त्यांच्या धाडसाचा खरा हिशेब वेगळ्या ठिकाणी मांडावा लागतो. विम्याची पॉलिसी गहाण पडली, पाठोपाठ पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. दिवसभर सगळ्या कंपनीचा स्वयंपाक करून ही बाई रात्री अंधारात कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडत बसे, कारण फिल्म तशी तयार मिळत नसे. स्वप्न एकाचं आणि राबणूक दुसऱ्याची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पुरुषानं नोकरी सोडली की तो त्याग, त्याची मुलाखत छापून येते. बाळंतपणानंतर बाईनं सोडली की ती गोष्ट उल्लेखापुरतीही उरत नाही. म्हणून वाट सोडणाऱ्याला धैर्य किती आहे हे विचारण्यापेक्षा हप्ते कोण भरणार आणि त्याला ते कबूल आहे का, हे विचारणं जास्त नेमकं. सरस्वतीबाईंचा कामात वाटा होता आणि त्यांना कामाची समजही होती. अनेक घरांत नवऱ्यानं राजीनामा दिल्यावरच बायकोला कळतं. तिथे विरोध करणारे नातेवाईक बरोबर असतात.

उरला मधला मार्ग: दोन्ही सांभाळा. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ राहूनच नट झाले, हे खरं आणि सुंदर. पण गायक वसंतराव देशपांडे यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात ऐन उमेदीची वर्षं कारकुनी केली. ती सुटल्यावर, 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आलं तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते, आणि 1983 मध्ये गेले. दोन्ही सांभाळण्याची किंमत त्या कारकुनीच्या वर्षांत चुकती झाली. ती कुणाच्या वहीत नोंदली गेली नाही एवढंच. ज्याची कला किंवा काम रविवारच्या सवडीत मावतं त्यानं खुशाल नोकरी धरावी. ज्याचं मावत नाही, हात तयार आहे, घरच्यांपुढे आकडे उघडे ठेवलेले आहेत, त्यानं दोन वर्षं मागितली तर ती बेजबाबदार मागणी कशी ठरते? ‘आणि नाही जमलं तर?’ हा प्रश्न त्याला जरूर विचारावा. फक्त स्पर्धा परीक्षेच्या क्लासची फी भरतानाही तो तितक्याच आवाजात विचारला गेला पाहिजे.