अर्ध्या सेकंदाचा संताप

१ फेब्रुवारी २००४ रोजी ह्यूस्टन येथे झालेल्या सुपर बोल सामन्याच्या मध्यंतरात जस्टिन टिम्बरलेक यांनी गायिका जॅनेट जॅक्सन यांच्या वस्त्राला हात घातला आणि त्यांचा एक स्तन जेमतेम अर्धा सेकंद दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसला. तेवढ्याने एका महासत्तेची नीतिमत्ता धोक्यात आली! संघराज्य दळणवळण आयोगाकडे पाच लाखांवर तक्रारी आल्या. सप्टेंबरात आयोगाने सीबीएसच्या मालकीच्या २० केंद्रांना मिळून ५,५०,००० डॉलर दंड ठोठावला आणि २००६ साली काँग्रेसने कमाल दंडाची मर्यादा दहा पटींनी वाढवून ३,२५,००० डॉलरवर नेली.

त्याच सामन्यात बिअरच्या आणि पुरुषांच्या दुर्बलतेवरील गोळ्यांच्या जाहिराती दाखविल्या गेल्या. तीस सेकंदांचा दर वीस लाख डॉलरहून अधिक होता. म्हणजे दंडाची सारी रक्कम आठ सेकंदांच्या आत वसूल होणारी. मुलांच्या काळजीने तक्रार करणाऱ्या आईबापांचा उद्वेग खोटा ठरविण्याचे कारण नाही. स्त्रीदेहाचा बाजार मांडणारी संस्कृती त्यांच्या घरात रोजच शिरत होती. परंतु आयोगाचा दंडुका त्या बाजाराकडे वळला नाही.

तो मुळात घडविला गेला तोही बाजारासाठी नव्हे. १९७३ साली पॅसिफिका या संस्थेच्या न्यूयॉर्क केंद्राने विनोदी कलावंत जॉर्ज कार्लिन यांचे निषिद्ध शब्दांवरील स्वगत भर दुपारी ध्वनिक्षेपित केले. युद्धविरोधकांनी स्थापन केलेली, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारी ही संस्था. तिच्याविरुद्धच १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी आयोगाचा अधिकार मान्य केला.

आणि जे खरोखर अश्लील होते, त्याचे काय झाले? अबू गरीबच्या तुरुंगात नग्न कैद्यांची विटंबना करणाऱ्या अमेरिकन शिपायांची छायाचित्रे सीबीएसच्याच हाती होती. जनरल मायर्स यांच्या विनंतीवरून ती दोन आठवडे दडवून ठेवून २८ एप्रिल २००४ रोजी दाखविण्यात आली. दोन दिवसांनी एबीसीवर टेड कॉपेल यांनी इराकमध्ये पडलेल्या सैनिकांची नावे वाचली, तेव्हा सिंक्लेअर कंपनीने आपल्या एबीसी-संलग्न केंद्रांवर तो कार्यक्रम लागू दिला नाही. मृतांची नावे उच्चारणे तिला राजकारण वाटले. नोव्हेंबरात साठाहून अधिक केंद्रांनी ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ हा चित्रपट दंडाच्या धास्तीने टाळला. मरणाऱ्या शिपायाच्या तोंडची शिवी महाग पडेल, ही चिंता.

जनतेच्या आवाजाला हा आयोग एरवी किती मान देतो, हे जून २००३ मध्ये दिसले होते. माध्यमांच्या मालकीवरील बंधने सैल करण्यास लाखो नागरिकांनी लेखी विरोध केला. अध्यक्ष मायकेल पॉवेल यांनी तीन विरुद्ध दोन मतांनी ती सैल केलीच. (पुढे न्यायालयाने त्यांना अडविले, हा भाग निराळा.) मक्तेदारीविरुद्ध लाखो लोक बोलले तर तो गलका, आणि एका गायिकेविरुद्ध बोलले तर लोकमत!

सीबीएसवरील दंड न्यायालयाने २००८ साली आणि पुन्हा २०११ साली रद्द केला. शिक्षा मात्र झालीच. घटनेनंतर आठवड्याभराने सीबीएसवरच झालेल्या ग्रॅमी समारंभात कृष्णवर्णीय जॅक्सन दिसल्या नाहीत. गौरवर्णीय टिम्बरलेक दिलगिरी व्यक्त करून पारितोषिके घेऊन गेले. २०१८ साली सुपर बोलच्या मध्यंतरात पुन्हा गाण्यासाठी बोलावणे आले, तेही त्यांनाच.