सूट पैशांत द्या, तासांत नको!

आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये रात्री अकरानंतर एक चक्कर मारा. कुणी जर्नल उतरवत असतो, कुणी मॅच बघत असतो आणि एखादा तरी पठ्ठ्या बाहेरचं काम करत असतो. कुणाची वेबसाइट, कुणाचं ऑटोकॅडचं ड्रॉइंग, कुणाचा लोगो. त्याला सहज विचारा, "किती घेतोस रे याचे?" उत्तर ठरलेलं असतं. "बघू, देतील ते!"

आपण इंजिनिअर होणार. मायक्रॉनमध्ये मोजणार, मिलिसेकंदांत विचार करणार. पण स्वतःच्या कामाचे तास मोजा म्हटलं की आपण एकदम लाजाळूचं झाड होतो. आणि ज्यांना मोजायचं असतं, त्यांनाही ते कसं मोजायचं याची नीट कल्पना नसते. म्हणून हा लेख. विषय थोडा रुक्ष वाटेल, पण पैशाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचाल अशी खात्री आहे.

कामाच्या वेळेची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर आता भरपूर मिळतात. टॉगल, क्लॉकिफाय, हार्वेस्ट ही नावं काहींनी ऐकली असतील. किमाई नावाचं एक तर ओपन सोर्स आहे, पीएचपीत लिहिलेलं, आपल्या लॅबमधल्या जुन्या मशिनवरही चालेल असं. या सगळ्यांत 'सुरू' आणि 'थांब' ही बटणं असतात, ती कुणीही दाबू शकतो. खरी मेख पुढे आहे. त्या तासाला दर कोणता लावायचा?

कारण तासाचा दर एकच नसतो! हे शिकायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. आपला नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर, पण आमच्या तोंडातून अजून नगरच निघतं) तासाच्या दरावरच तर चालतो. माझं गाव पाथर्डी तालुक्यात. चुलते ट्रॅक्टर भाड्याने चालवतात आणि त्यांच्या हिशोबाची वही आठवीपासून माझ्याकडे आहे. रोटाव्हेटरचा दर वेगळा, ट्रॉलीचा वेगळा. शेजारी जेसीबी आहे. त्याचा मुरूम उकरण्याचा दर वेगळा आणि खडक फोडायला ब्रेकर लावला की वेगळा. डिझेल तुमचं की माझं, यावर पुन्हा फरक. रात्रीचं काम असेल तर बोली वेगळी. म्हणजे 'लवचिक दर' ही गोष्ट आमच्या गावाला नवीन नाही. नवीन आहे ती फक्त नीट लिहून ठेवण्याची सवय.

सरकारलाही हे पूर्वीच कळलं होतं. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. तिथे खोदाईचे दर मऊ मातीला एक, मुरमाला दुसरा, खडकाला तिसरा असे ठरवलेले असत. कारण उघड आहे. मातीत घाम गाळणारा आणि खडकात घाम गाळणारा यांचा दिवस सारखाच असतो, पण खड्डा सारखा होत नाही. एकच दर लावला असता तर खडक ज्याच्या वाट्याला आला तो उपाशीच राहिला असता.

आता सॉफ्टवेअर हेच काम कसं करतं ते बघा. दर एकाच ठिकाणी न ठेवता पायऱ्यापायऱ्यांनी ठेवतात. माणसाचा किंवा यंत्राचा साधारण दर, त्यावर ग्राहकाचा दर, त्यावर प्रोजेक्टचा आणि सगळ्यांत वर त्या विशिष्ट कामाचा दर. नोंद झाली की सॉफ्टवेअर सर्वांत नेमका दर शोधतं. ब्रेकरचा खास दर भरलेला असेल तर तो लागेल, नसेल तर ग्राहकाचा, तोही नसेल तर जेसीबीचा नेहमीचा. किमाईत आणि क्लॉकिफायमध्ये पायऱ्यांचा तपशील थोडा वेगळा आहे, पण तत्त्व हेच. विशिष्ट नियम सामान्य नियमावर मात करतो. आपल्या मेसचाही नियम हाच नाही का? थाळीचा दर एक, महिन्याच्या मेंबरचा दुसरा, पाहुण्याचा तिसरा.

इथपर्यंत सोपं आहे. गडबड पुढच्या चार जागी होते.

पहिली जागा दशांश चिन्हाची. जेसीबीच्या डॅशबोर्डवर जे अवर मीटर असतं त्यातला शेवटचा आकडा तासाचा दहावा भाग, म्हणजे ६ मिनिटं दाखवतो. सकाळी मीटर ४५१२.४ होतं आणि काम संपल्यावर ४५१५.१ झालं, तर काम २.७ तास झालं. म्हणजे २ तास ४२ मिनिटं. ते कुणी '२ तास ७० मिनिटं' वाचलं की झालंच महाभारत! उलटही होतं. अडीच तास काम झालं, वहीत २.३० लिहिलं आणि एक्सेलने त्याला सरळ गुणलं. समजा दर १२०० रुपये असेल, तर एका नोंदीत २४० रुपये हवेत विरले. आणि गंमत म्हणजे कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही.

दुसरी जागा ओळखीची. आणि हाच माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. आमच्याकडे सूट देण्याची पद्धत अशी, "आपलाच माणूस हाये, अडीच तास झालं तरी दोनच लिव्ह." मनाचा मोठेपणा म्हणून हे छान वाटतं. पण इंजिनिअरच्या नजरेने बघा. यंत्र अडीच तास चाललं. डिझेल अडीच तासांचं जळलं. मशिनची सर्व्हिसिंग किती तास चाललं यावर ठरते. ड्रायव्हरचा भत्ता तासावर असेल तर त्याचा अर्धा तास बुडाला, आणि तोही मालकाच्या पाहुण्यासाठी! शिवाय वर्षाच्या शेवटी मालक हिशोबाला बसला की त्याला कळतच नाही, तोटा कशात आला. दर कमी होता म्हणून, डिझेल जास्त लागलं म्हणून, की आपणच सोयऱ्याधायऱ्यांना तास वाटले म्हणून?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. सूट द्यायची तर जरूर द्या, पण ती पैशांत द्या, तासांत नको. वहीत अडीचच तास लिहा, दर लावा आणि खाली वेगळी ओळ टाका : 'सूट इतकी.' सॉफ्टवेअरमध्ये त्या ग्राहकाचा वेगळा दर भरून ठेवता येतो किंवा बिलात सूट दाखवता येते. समोरच्याला उलट जास्त बरं वाटेल, कारण आपल्याला किती सोडले हे त्याला डोळ्यांनी दिसेल. आणि ड्रायव्हरचा तास शाबूत राहील. हेच आपल्या हॉस्टेलच्या फ्रीलान्सरलाही लागू आहे. मित्राच्या मामाची वेबसाइट फुकट करून द्यायची असेल तर द्या. पण तिला ४० तास लागले हे तरी लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या ग्राहकाला 'दहा तासांत होईल' असं सांगून मोकळे व्हाल आणि मग परीक्षेच्या आदल्या रात्री जागाल!

तिसरी जागा तारखेची. दर बदलतात, त्याला इलाज नाही. प्रश्न असा, की नवा दर कधीपासून? ऊसतोडणीचंच उदाहरण घ्या. आमच्या पाथर्डी-शेवगाव भागातले कितीतरी संसार दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. त्यांचा दर तासावर नसतो, टनावर असतो. जानेवारी २०२४ मध्ये त्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा गाळप हंगाम ऐन भरात होता. अशा वेळी आधी तोडलेल्या टनांना कोणता दर आणि पुढच्या टनांना कोणता, हे तारखेनिशी लिहिलेलं नसेल तर मुकादम सांगेल ती पूर्व दिशा!

सॉफ्टवेअरमध्येही हाच धोका आहे. ट्रॅक्टरचा दर ९०० होता. मे महिन्यात ४० तास काम झालं, बिल व्हायचं ३६,००० रुपये. जूनमध्ये मालकाने दराच्या रकान्यात १००० टाकले आणि प्रोग्रॅमने मे महिन्याचं न काढलेलं बिलही ४०,००० करून टाकलं. शेतकरी म्हणणार, "बोली नऊशेची झाली होती!" आणि त्याचं बरोबर असणार. चार हजारांसाठी वर्षानुवर्षांचा विश्वास गेला. म्हणून दराच्या टेबलमध्ये नुसती रक्कम ठेवायची नाही. 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' हे दोन रकाने हवेतच. आणि एकदा बिल दिलं की त्या नोंदी कुलूपबंद!

हे ज्यांना अवघड वाटतं त्यांनी एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्याचं वीजबिल बघावं. महावितरणचं मोठं औद्योगिक कनेक्शन असेल तर वेळेनुसार युनिटचा दर बदलतो, त्याला टीओडी म्हणतात. पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा सवलत असायची. २०२५ मध्ये सौरऊर्जेमुळे सवलत दिवसाच्या तासांकडे वळली. एवढा मोठा बदल झाला, पण मीटरचं मूळ काम तेच राहिलं. मीटर फक्त कोणत्या वेळी किती युनिट गेले ते लिहितो. दर नंतर आदेशाप्रमाणे लागतो. मोजणं वेगळं आणि दर वेगळा. आपल्या डेटाबेसचं डिझाइन असंच असायला हवं.

चौथी जागा रिकाम्या वेळेची. नागापूर एमआयडीसीत छोटी छोटी वर्कशॉप आहेत, जॉबवर्कवर चालणारी. मेकॅनिकलवाल्यांना मशिन अवर रेट काय असतो ते सांगायला नको. घसारा, वीज, टूल, ऑपरेटर, भाडं हे सगळं त्या एका आकड्यात बसवलेलं असतं. अशाच एका वर्कशॉपमध्ये मी सुट्टीत नोंदींचं काम केलं. समजा व्हीएमसीचा दर ५०० रुपये आहे. ५० नग, प्रत्येकी ६ मिनिटं, म्हणजे ५ तास, २५०० रुपये. पण फिक्श्चर बसवायला, शून्य पकडायला आणि पहिला नग पास करायला २ तास गेले ते? ते बिलात नव्हतेच! मशिन ७ तास अडकलं, पैसे ५ तासांचे. खरा दर पडला ३५७ रुपये. पुढच्या ऑर्डरला नग १० च असतील तर एक तास कटिंग आणि दोन तास सेटिंग. अशी कामं घेऊन मालक दिवसभर राबतो आणि 'धंद्यात राम राहिला नाही' म्हणतो. सेटिंगचा वेगळा दर ठेवा, हवं तर कमी ठेवा, पण शून्य नको. तसंच थांबून राहण्याचं. जेसीबी शेतात पोचला आणि बांधावरून भावकीचं भांडण सुरू झालं तर तो तास कुणाचा? लाइट गेली आणि मशिन बंद पडलं तर कुणाचा? याचं उत्तर काहीही असू द्या, पण काम सुरू होण्याआधी ठरलेलं असू द्या.

आता काही जण म्हणतील, "एवढा कुटाणा कशाला? एकच दर ठेवा, सोपं पडेल." एकच दर सोपा असतो, हे मान्य. पण तो ज्याला सोपा पडतो तो सहसा बिल देणारा असतो. सोप्या कामाला तो महाग पडून ग्राहक जातो आणि अवघड कामाला स्वस्त पडून कंबर मोडते. मात्र पंधरा दरही नकोत. आमच्या वहीत सहा आहेत आणि ते चुलत्यांना तोंडपाठ आहेत. जो दर तोंडी सांगता येत नाही तो लावू नये, असं माझं मत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. घड्याळ लावलं की माणसावर पाळत सुरू होते. खरं आहे. परदेशी कामं देणाऱ्या काही साइट्स तर काम करणाऱ्याच्या स्क्रीनचे फोटो काढत राहतात. माझा त्याला विरोधच आहे. पण घड्याळ फक्त मालकाच्या हातात असेल तर ती पाळत. तेच दोघांना दिसत असेल तर तो पुरावा. आपल्या कायद्याने जादा कामाला दुप्पट दर सांगितला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात तो होता, २०१९ च्या वेतन संहितेतही तो आहे. पण नववा तास कुठे लिहिलेलाच नसेल तर दुप्पट कशाची करणार? ऊसतोड मजुराचं बघा. पहाटे गाडी भरण्यात आणि कारखान्याच्या रांगेत वजनाची वाट बघण्यात त्याचे किती तास जातात, ते कुठल्याच वहीत नसतात. ज्याचे तास लिहिले जात नाहीत, त्याला दर वाढवून मागताना हातात काहीच नसतं.

म्हणून फायनल इयरच्या मित्रांना एक विनंती. लायब्ररी मॅनेजमेंट आणि अटेंडन्स सिस्टिम यांचे प्रोजेक्ट आपल्या कपाटात थप्पीने पडले आहेत. त्यात आणखी एकाची भर घालू नका. त्यापेक्षा गावाकडच्या एखाद्या ट्रॅक्टरवाल्या काकांसाठी तासांची मराठी वही बनवा. मोबाइलवर चालणारी, रेंज नसतानाही नोंद घेणारी, ज्यात दराला तारीख आहे, सुटीची वेगळी ओळ आहे आणि बिलाचा मेसेज मालक, ग्राहक आणि ड्रायव्हर या तिघांनाही जातो. सरांनाही विनंती, की असा विषय आला तर 'यात नवीन काय?' म्हणून परत पाठवू नका. नवीन काही नाहीच. कष्ट जुनेच आहेत, फक्त त्यांची नोंद राहिली आहे.

बघा पटतंय का! आणि ज्याची वेबसाइट आज रात्री पूर्ण होणार आहे, त्याने 'बघू, देतील ते' म्हणण्याआधी किती तास लागले ते एकदा कागदावर लिहावं. आकडा बघून त्याची झोप उडेल, पण पुढच्या वेळी दर सांगताना आवाज कापणार नाही.

— अंतिम वर्ष, संगणक विभाग