गोळी चालत नाही, शस्त्रक्रिया चालते!

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारची एक मुलगी बारावीच्या वर्गात भोवळ येऊन पडली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सात निघाले. दर महिन्याला आठ-आठ दिवस रक्तस्राव, त्यात गाठी, आणि पहिले दोन दिवस ओटीपोटात अशी कळ की अंथरुणावर मुटकुळे करून पडून राहायचे. हे चार वर्षे चालले होते आणि घरात सर्वांना ठाऊक होते. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्यांबरोबर संप्रेरकांच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या घरी आल्या, पाकिटावरचे नाव कोणीतरी ओळखले, आणि आजीबाईंनी निर्वाळा दिला: "ह्या मूल नको म्हणून घ्यायच्या गोळ्या. कुमारिकेच्या घरात त्या शोभत नाहीत. शिवाय आपल्या धर्मात ते पाप आहे." पाकीट परत गेले. मुलगी पुन्हा अंथरुणावर.

शोभत नाही आणि पाप आहे, असे हे दोन आक्षेप. पापाचे आधी पाहू, कारण ते खोडून काढणे सोपे आहे.

पोपमहोदय सहावे पॉल यांनी २५ जुलै १९६८ रोजी 'हुमाने विते' हे परिपत्रक प्रसृत केले. कृत्रिम संततिनियमनास त्यात स्पष्ट नकार आहे, हे लहान-थोर सर्वांना माहीत आहे. पण त्याच परिपत्रकाचा १५ वा परिच्छेद किती जणांनी वाचला आहे? शरीराच्या व्याधीवर जे उपचार आवश्यक आहेत ते, त्यांच्यामुळे गर्भधारणेस अडथळा येणार हे आधीच दिसत असले तरी, ख्रिस्तसभा निषिद्ध मानीत नाही. मात्र तो अडथळा हाच हेतू असता कामा नये, असा त्याचा आशय आहे. आम्ही १४ वा परिच्छेद पाठ केला आणि १५ व्याच्या आधी पुस्तक मिटले! आणि सतरा वर्षांच्या अविवाहित मुलीच्या बाबतीत संततिनियमनाचा प्रश्न उद्भवतोच कुठे?

इतिहासही काही वेगळे सांगत नाही. अमेरिकेत ही गोळी १९५७ साली प्रथम मान्य झाली ती मासिक पाळीच्या विकारांवरील औषध म्हणून. संततिनियमनासाठी तिला परवानगी मिळाली १९६० साली. मधल्या काळात पुष्कळांनी विकाराचे निमित्त पुढे केले असेल, ते मी नाकारीत नाही. पण निमित्त करणारे असतात म्हणून खरोखर आजारी असलेल्या मुलीचे औषध काढून घ्यायचे, हा कुठला न्याय?

आजार खरा आहे, हेच मुळी आमच्या बायकांना मान्य नसते. "आम्ही नाही का सोसले?" हे वाक्य मी शंभरदा ऐकले आहे. एंडोमेट्रिओसिस या व्याधीत गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशीजालिका गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशांवर, ओटीपोटाच्या पडद्यावर, कधी आतड्यावरही वाढते. पाळीच्या वेळी तीही सुजते, तिच्यातून रक्त पाझरते. त्या रक्ताला वाट नसते, म्हणून दाह होतो आणि अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयाच्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना हा विकार आहे. डायनोजेस्ट किंवा नॉरएथिस्टेरॉन यांसारखी संप्रेरके ही वाढ दाबून ठेवतात व रक्तस्राव कमी करतात. रोग त्यांनी समूळ जात नाही. औषध थांबवले की दुखणे परतू शकते. अवेळी रक्त दिसणे, मन खिन्न होणे असे त्रासही काहींना होतात. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या तर शिरांत रक्त गोठण्याचा पूर्वेतिहास असणारीने घेऊच नयेत. म्हणून हे औषध डॉक्टरांनी तपासून द्यायचे असते, शेजारणीने सुचवायचे नसते. परंतु "गोळ्यांनी वांझपण येते" हा समज निराधार आहे. मूल होण्यास अडचण आणतो तो बहुधा हा रोगच.

आता शोभण्याचे. येथे धर्म संपतो आणि स्थळांचा बाजार सुरू होतो. मुलीला 'तसल्या' गोळ्या चालू आहेत हे उद्या बायबल वर्गातील भगिनींना कळले तर? भीती पापाची नाही, बोभाट्याची आहे. बोभाट्याला आपण धर्माचा झगा घालतो, एवढेच.

आणि हीच मुलगी लग्न होऊन, दोन बाळंतपणे उरकून अडतिसाव्या वर्षी रक्ताने हैराण झाली की काय होते? "पिशवी काढून टाका" म्हणून सगळे घर एकमताने सांगते. तेव्हा कोणाला परिपत्रक आठवत नाही. जी गोळी थांबवता येते ती पाप, आणि जी शस्त्रक्रिया कधीच परतवता येत नाही ती व्यवहार! रोगग्रस्त गर्भाशय काढणे प्रसंगी आवश्यक असते, हे मान्य. पण २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयांची जी कहाणी बाहेर आली, आणि जिच्यासाठी शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, ती वाचताना आपण हळहळलो होतो ना? त्या स्त्रियांच्या मागे मुकादम आणि बुडणारी मजुरी होती. आमच्या मागे कोण आहे?

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री आहे. वैद्यांपायी तिने होते नव्हते ते खर्च केले होते. गर्दीत ती मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला शिवते. प्रभू थांबतो, सर्वांदेखत तिला बोलू देतो आणि कन्या म्हणून हाक मारतो. तुझे दुखणे झाकून ठेव, असे तो म्हणत नाही. ह्या उताऱ्यावर श्रद्धेविषयी अनेक प्रवचने मी ऐकली. रक्ताविषयी एकही नाही.

आमच्या धर्मगुरूंना माझी विनंती आहे. विवाहपूर्व शिबिरात जे शिकवले जाते ते चालू द्यावे. पण एका रविवारी मिस्सेनंतरच्या सूचनांमध्ये तो १५ वा परिच्छेदही वाचून दाखवावा. दोन मिनिटेही लागणार नाहीत, आणि आजीबाई पहिल्याच बाकावर बसलेल्या असतात.